चौकट आलीच नव्हती

दोनमिनिटे हे काही त्याचं आडनाव नव्हे. कुणाचाही फोन आला की तो म्हणायचा, "दोन मिनिटांचं काम आहे, येतो." गिऱ्हाइकांनी त्यावरून हे नाव पाडलं आणि ते इतकं रुळलं की त्याच्या बायकोलाही लोक दोनमिनिटेवहिनी म्हणू लागले. ती चिडायची. "दोन मिनिटं म्हणून जातो आणि चार तासांनी उगवतो," ती म्हणायची, "नाव ठेवायचंच तर खरं तरी ठेवा."

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुमचं मत फिरण्याची शक्यता आहे. वय चव्वेचाळीस, अंगाने किरकोळ, खांद्यावर काळी पिशवी. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, धूळ झटकायचा रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि तीन पेनड्राइव्ह. बाजारामागच्या गल्लीत त्याचं एका खोलीचं दुकान होतं, पण दुकानात तो क्वचितच सापडायचा. दोन वकील, एक छापखाना, दाताचे डॉक्टर, डोळ्यांचा दवाखाना, फर्निचरवाले अशा तीस-बत्तीस ठिकाणचे कॉम्प्युटर त्याच्या गळ्यात होते आणि तो दिवसभर त्यांच्या मागे पळत असायचा.

हा धंदा तो मामाकडे शिकला. मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मामा बोलायला कंजूष. चार वर्षांत त्याने भाच्याला एकच धडा दिला: "गिऱ्हाईक परत आलं म्हणजे आपलं काम कच्चं." रेडिओ गेले, मामा गेला, पण हा धडा भाच्याच्या डोक्यात घट्ट बसला. फोन वाजला की तो हातातलं काम टाकायचा. आपलं कुठे तरी चुकलं, असंच त्याला आधी वाटायचं. आणि फोन तर सारखे वाजायचे.

त्यातले निम्मे फोन एकाच गोष्टीचे. कॉम्प्युटरवर काम करताना एखादा प्रोग्राम मशीनच्या आतल्या भागात हात घालायला निघाला की अख्खा पडदा एकदम काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते. हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू पाहतो आहे, चालेल का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. साधी गोष्ट आहे. घराच्या दारावर कुणी आलं तर आपण कोण म्हणून विचारतोच की नाही? पण पडदा काळवंडला की लोकांचं धाबं दणाणायचं. "अहो दोनमिनिटे, सगळं काळं झालं! काही तरी विचारतंय!" वकील ओरडायचे. छापखानेवाला तर सरळ मशीनची वायरच उपटायचा.

सर्वांत जास्त फोन यायचे डोळ्यांच्या दवाखान्यातून, कार्डबाईंचे.

कार्डबाई तिथे सव्वीस वर्षं होत्या. पूर्वी प्रत्येक पेशंटचं एक पिवळं कार्ड असायचं आणि त्यावर बाई टाकाने लिहायच्या: चष्म्याचा नंबर, डोळ्याचं प्रेशर, तारीख. अक्षर असं की डॉक्टरांनाही हेवा वाटावा. मग कॉम्प्युटर आला. बाईंनी वयाच्या पन्नाशीला एका बोटाने टायपिंग शिकून हजारो कार्डं आत भरली. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. चौकट आली की त्या दोन्ही हात मांडीवर घ्यायच्या आणि याला फोन लावायच्या. "विचारतंय. हो म्हणू की नाही म्हणू?" हा विचारायचा, "वर नाव काय लिहिलंय?" त्या एकेक अक्षर वाचून दाखवायच्या. हा हो म्हणाला तरच बटण दाबायच्या.

एकदा हा दाताच्या डॉक्टरांकडे, पण कामासाठी नव्हे तर पेशंट म्हणून, खुर्चीत आडवा पडला होता. तोंडात कापसाचे बोळे, वरून दिवा आणि खिशात फोन वाजतोय. थांबला, पुन्हा वाजला. अकरा वेळा वाजला. दाताचे डॉक्टर म्हणाले, "उचला तरी, नाही तर माझा हात हलेल." उचलून हा बोलणार काय? आं-आं केलं आणि ठेवला. अर्ध्या तासाने सुजल्या गालाने त्याने उलट फोन केला तेव्हा कार्डबाई तशाच हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाहेर पेशंटांची रांग लागली होती. "तुमचं काही कळलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून मी हातच लावला नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी गाल धरून तो दवाखान्यात गेला. सेटिंगमध्ये त्या चौकटीची एक उभी पट्टी असते, चार खुणांची. पट्टी वर असली तर मशीन प्रत्येक वेळी विचारतं, अगदी खाली ओढली तर कधीच विचारत नाही. त्याने ती खाली ओढली. खरी पद्धत त्याला माहीत होती. कोर्समध्ये हेच शिकवलं होतं आणि त्यात त्याला चांगले मार्कही होते. रोजच्या कामाला साधं खातं द्यायचं, मालकीचं खातं वेगळं ठेवायचं, त्याचा पासवर्ड एकाच जबाबदार माणसाकडे द्यायचा. पण तसं केलं की चौकट पासवर्ड मागणार, माणूस फोन करणार आणि फोन आला म्हणजे काम कच्चं. पट्टी खाली ओढायला खरोखर दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढच्या महिन्याभरात त्याने बत्तीसच्या बत्तीस ठिकाणी तेच केलं. फोन थांबले. "तुमची मशीन्स काय शहाणी झाली हो," वकील म्हणाले आणि हा खूश झाला. बाईंनीही एकदा विचारलं, "हल्ली ती चौकट येत नाही, ते?"

"मी बंदोबस्त केलाय," तो म्हणाला.

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे भिंगवाल्या कंपनीची ईमेल उघडली. दर आठवड्याला यायची, सोबत यादी असायची. ही यादी त्या कंपनीची नव्हती. बाईंनी ती उघडली, पडद्यावर काहीच दिसलं नाही म्हणून पुन्हा उघडली आणि चहा घ्यायला गेल्या. परत आल्या तोवर सगळ्या फायलींची नावं बदलली होती आणि एकही उघडत नव्हती. दीड-दोन तासांत हा तिथे पोचला आणि बाईंच्या खुर्चीत बसला. फायलींना कुणी तरी कुलूप घातलं होतं. त्यावरही उपाय असतो, मशीन स्वतःच्या पोटात रोजच्या जुन्या प्रती लपवून ठेवतं. त्या तिथे नव्हत्या. पुसून टाकल्या होत्या.

आणि त्या प्रती पुसायला परवानगी लागते. पडदा काळवंडतो, चौकट येते. पट्टी जागेवर असती तर त्या सकाळीही ती आली असती आणि बाईंनी हात मांडीवर घेऊन याला फोन केला असता. हा म्हणाला असता, "वर नाव काय लिहिलंय?" एवढंच. हे सगळं त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या एका क्षणात कळलं.

डॉक्टर मागे उभे होते. हळू बोलणारा, कुणावर न ओरडणारा माणूस. त्यांनी विचारलं, "हे असं आपोआप होतं का?"

"आपोआप नाही होत," हा म्हणाला. "कुणी तरी होय दाबल्याशिवाय ते आत शिरत नाही."

वाक्य तोंडातून कसं निघालं, हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. घाबरला होता, हे खरं. बत्तीस गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे आली, हेही खरं. पण घाबरलेला माणूस गप्पही बसू शकतो. हा बोलला. कार्डबाईंनी पदराने हात पुसले, हातांना काहीच लागलेलं नव्हतं. "मग मीच दाबलं असणार," त्या म्हणाल्या. "सकाळी मीच होते."

त्याने मान वर केली नाही. वायरी तपासत राहिला.

डॉक्टरांनी बाईंना काढलं नाही. ते तसले नव्हेत. त्यांनी भाचीला बोलावून घेतलं, तिला कॉम्प्युटरवर बसवलं आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही आता जरा आराम करा, कार्डं वाचून दाखवा फक्त." नशीब, बाईंनी जुनी पिवळी कार्डं रद्दीत दिली नव्हती, माळ्यावर बांधून ठेवली होती. पण ती सहा वर्षांपूर्वीपर्यंतचीच. पुढचं गेलं ते गेलं. काचबिंदूच्या पेशंटचं प्रेशर वर्षानुवर्षं कसं चढत गेलं, ते पाहून औषध ठरतं. एका म्हाताऱ्या शिंप्याला डॉक्टर म्हणाले, "आपल्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल," आणि बाई शेजारच्या स्टुलावर बसून ते ऐकत होत्या. हा तेव्हा नवीन मशीन जोडत टेबलाखाली होता. तिथून त्याला फक्त बाईंच्या चपला दिसत होत्या. एकीचा अंगठा दुसरीवर दाबून धरलेला.

त्या आठवड्यात तो वेड्यासारखा फिरला. बत्तीस ठिकाणी जाऊन पट्टी वर केली. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "नवीन अपडेट आलंय." वकील भडकले, छापखानेवाल्याने पुन्हा वायर उपटली. फोन पुन्हा सुरू झाले आणि प्रत्येक फोन तो मुकाट्याने घेऊ लागला. आपण प्रायश्चित्त घेतोय अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कसलं प्रायश्चित्त? जिथे नुकसान झालं नव्हतं तिथे सारवासारव आणि जिथे झालं होतं तिथे तोंडाला कुलूप.

तीन महिने गेले. एका दुपारी भाचीच्या मशीनवर प्रिंटरचं काही घालायचं होतं म्हणून तो गेला. भाचीने बटण दाबलं, पडदा काळवंडला, चौकट आली. स्टुलावरच्या कार्डबाई ताडकन उठल्या आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं हो?" भाची हसली. "चावत नाही ती."

"नको बाई. हीच ती." बाई याच्याकडे वळल्या. "त्या दिवशीही हीच आली होती, दोनमिनिटे. मला आता स्पष्ट आठवतं. वर निळी पट्टी होती, डावीकडे होय. माझ्या मनात आलं, तुम्हाला फोन करावा. पण चहा गार होत होता, म्हणून मी होय दाबलं. चहासाठी! घरीसुद्धा हेच सांगितलं मी. हे म्हणाले, होतं असं वयामुळे. हल्ली मी गॅस बंद केला का ते यांना चारदा विचारते. शेजारणीकडे किल्ली ठेवायला देते, माझ्याकडे नको म्हणून."

याच्या हातातला पेनड्राइव्ह खाली पडला. तो उचलायला त्याला फार वेळ लागला. बाईंनी चूक नुसती पत्करली होती तोवर त्याने कसंबसं धकवून नेलं होतं. पण जे घडलंच नाही ते त्यांना आता आठवू लागलं होतं. निळी पट्टी, गार होणारा चहा, मनात आलेला फोन. ती चौकट त्या दिवशी येऊच शकत नव्हती आणि हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो टेबलाखाली पेनड्राइव्ह शोधत होता.

तो घरी आला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून, दाताच्या खुर्चीपासून. तिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली.

"हे मला का सांगतोस?"

"म्हणजे?"

"मी त्या दवाखान्यात कामाला आहे का? मला सांगून तुझं पोट हलकं होईल. त्या बाईचं काय?"

"गिऱ्हाइकं तुटतील गं. एकाने ऐकलं की सगळ्यांना कळतं."

"तुटतील," ती म्हणाली आणि दुसरी चादर उचलली. "हे टोक धर."

त्याने टोक धरलं. बायकोने समजूत घातली असती तर त्याला आणखी महिनाभर गप्प बसता आलं असतं. ती तिने घातली नाही. तरी आठ दिवस गेलेच. सोमवारी डॉक्टर गडबडीत असतात, मंगळवारी ऑपरेशनं असतात, बुधवारी आपलंच डोकं दुखतं. सबबी शोधायला माणसाला कोर्स लागत नाही.

नवव्या दिवशी, पेशंट संपल्यावर, तो डॉक्टरांच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. खाली बघत, अडखळत सांगितलं. पट्टी कुणी ओढली, का ओढली, त्या दिवशी आपण काय बोललो. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर उठले, त्यांनी दार उघडलं. "बाई, जरा आत या," ते म्हणाले. मग याच्याकडे वळून, "आता त्यांना सांग."

बाईंना सांगणं डॉक्टरांना सांगण्याहून अवघड होतं. बाई दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. भाचीही मागे येऊन थांबली.

"म्हणजे चौकट आली नव्हती?" बाईंनी विचारलं.

"नाही, ताई. मीच बंद केली होती. येऊच शकत नव्हती."

"आणि मी होय दाबलं नाही."

"नाही. दाबायला काही नव्हतंच."

"मग मला दिसते ती कुठली?"

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"डोळे मिटले की दिसते मला," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "निळी पट्टी दिसते. कपबशी दिसते. नवऱ्याने डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये माझ्यासाठी, पुढच्या शुक्रवारची. त्या शिंप्याच्या मी पाया पडले हो, बाहेर जिन्यात. कशासाठी पडले मी? तुम्ही इथे येत होतात, चहा घेत होतात. माझ्या हातचा घेत होतात."

"चुकलं, ताई." त्याचे डोळे भरले. "माझं फार चुकलं."

"चुकलं ते पट्टी ओढलीत तेव्हा," त्या म्हणाल्या. "नंतरच्याला चूक म्हणत नाहीत."

डॉक्टर मध्ये पडले. "बाई, उद्यापासून तुमच्या जागेवर बसा. आणि या माणसाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवणार."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आधी ते नीट करा म्हणावं," त्या म्हणाल्या. "जसं असायला हवं तसं. पूर्ण."

तो मशीनवर बसला. रोजच्या कामाचं साधं खातं केलं, मालकीचं वेगळं. मग तो जागेवरून उठला आणि म्हणाला, "इथे पासवर्ड घालायचा. ज्याच्याकडे हा पासवर्ड, त्याने परवानगी दिली तरच मशीनमध्ये काही बदलेल. डॉक्टर, तुम्ही—"

"मी ठेवते," कार्डबाई म्हणाल्या.

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या आपल्या खुर्चीत बसल्या. चष्मा नीट केला. मग मान न वळवता म्हणाल्या, "तोंड तिकडे करा."

बत्तीस ठिकाणचे पासवर्ड त्याला तोंडपाठ होते. तोंड फिरवायला त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो भिंतीकडे वळला. समोर अक्षरांचा तक्ता होता, मोठ्या अक्षरांपासून बारकांपर्यंत. मागे एका बोटाने, सावकाश, बाई टाइप करत होत्या. आवाजावरून किती अक्षरं झाली ते त्याला सवयीनेच कळत होतं, म्हणून तो मोजदाद चुकावी यासाठी मनातल्या मनात तक्ता वाचू लागला. चौथ्या ओळीपुढे त्याला दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं.

"झालं. वळा."

आता एकच काम राहिलं होतं. साध्या खात्यातून त्याने आपला प्रोग्राम घालायला घेतला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो घालायचाच. पडदा काळवंडला, चौकट आली आणि तिने पासवर्ड मागितला.

"ताई, इथे तुमचा लागेल."

बाई पुढे झुकल्या. या वेळी हात पाठीमागे गेले नाहीत. त्यांनी चौकटीतला मजकूर पहिल्या शब्दापासून वाचला, बोट पडद्यावर एकेका अक्षराखाली सरकवत. फोनवर वाचून दाखवायच्या तसाच, फक्त आता मनातल्या मनात.

"कशासाठी आहे हा?"

"याने मला घरी बसून या मशीनमध्ये शिरता येतं. काही बिघडलं तर इथे यावं लागत नाही."

"आम्हाला न विचारता?"

"हो," तो म्हणाला. "न विचारता."

बाईंनी माउस हातात घेतला आणि नाही दाबलं. पडदा उजळला. त्या खुर्चीत सरळ बसल्या, माळ्यावरून काढलेला पिवळ्या कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पहिलं कार्ड उचलून शिंप्याचं नाव टाइप करायला लागल्या. त्याने पिशवी भरली. तो दारापर्यंत पोचला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.